घरगुती चकलीची किंमत कशी ठरते?

दसरा उलटला की डोंबिवली, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा गावोगावच्या असंख्य घरांत विक्रीच्या फराळाची तयारी सुरू होते. दुकानाची पाटी नसते, गल्ला नसतो, नोकरमाणसे नसतात. स्वयंपाकघर तेच, गॅसची शेगडी तीच आणि करणारी बाईही तीच, जी सकाळी डबे भरते आणि रात्री ओटा आवरते. मीही त्यांतलीच एक. वर्षभर भाजण्या, मेतकूट आणि मसाले, दिवाळीत चकली, कडबोळी आणि चिवडा असा माझा व्यवसाय आहे. या व्यवसायात पदार्थ बिघडल्यामुळे थांबलेल्या बायका मला फारशा भेटल्या नाहीत. हिशेब बिघडल्यामुळे थांबलेल्या मात्र बऱ्याच भेटल्या.

हिशेब बिघडतो तो बेरीज-वजाबाकी येत नाही म्हणून नव्हे. डाळ, तांदूळ, तेल, पिशव्या यांची बिले समोर असतात, ती कोणीही मांडते. ज्या खर्चाचे बिल कोणी देत नाही तो खर्च वहीत उतरतच नाही, आणि तो असतो स्वतःच्या वेळेचा. ‘मी घरीच तर असते’ या एका वाक्याने तो खर्च शून्य धरला जातो. ग्राहकही मग त्याच हिशेबाने विचारतात, ‘घरचंच आहे ना, मग दुकानापेक्षा महाग कसं?’ या प्रश्नाचे उत्तर चिडून देण्यापेक्षा आकड्यांनी द्यावे, म्हणून एका किलो चकलीची किंमत इथे उलगडून मांडते आहे.

वेळ कुठे जातो?

चकलीची भाजणी ही तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धणे आणि जिरे यांची. प्रमाण घराघरात वेगळे, कृती मात्र बहुतेक सारखीच. धान्य निवडायचे, धुवायचे, निथळून सुती कापडावर सावलीत पसरायचे, पूर्ण वाळवायचे आणि मग प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. सगळे एकत्र भाजून वेळ वाचवता येत नाही, कारण प्रत्येक दाण्याचा आकार आणि त्यातला ओलावा वेगळा असतो. तांदळाला पुरेशी धग लागेपर्यंत जिरे करपलेले असते. करपलेल्या जिऱ्याचा कडूपणा तिखट वाढवून लपत नाही.

भाजण्याने दोन गोष्टी साधतात. धान्यातला ओलावा जातो, त्यामुळे पीठ जास्त दिवस टिकते; आणि उष्णतेने प्रथिने व शर्करा यांच्यात रासायनिक क्रिया होऊन खमंग वास येतो. बाजारातल्या कच्च्या पिठांच्या मिश्रणाला तो वास येत नाही तो याच कारणाने. पुढे गिरणी. आधीच्या दळणाचे पीठ जात्यात राहिलेले असले की ते आपल्या भाजणीत उतरते, म्हणून गिरणीवाल्याला सांगून, थांबून, आपल्या वेळेला दळून घ्यावे लागते.

मग पीठ भिजवणे. गरम पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो, पिठाला चिकटपणा येतो आणि चकलीचे वेढे सोऱ्यातून न तुटता पडतात. गरम तेलाचे मोहन पिठाच्या कणांभोवती बसते आणि चकली खुसखुशीत करते. मोहन कमी पडले तर चकली कडक होते, जास्त झाले तर तेलात विरघळते.

तळणे हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग, आणि तिथे घाई अजिबात चालत नाही. तेल फार तापलेले असेल तर चकली बाहेरून लाल होते, आतला ओलावा तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते. तेल पुरेसे तापलेले नसेल तर ती तेलकट होते. कढईत चकलीभोवती उठणारे बुडबुडे म्हणजे तिच्यातून बाहेर पडणारी पाण्याची वाफ. ते जवळजवळ थांबले की आतले पाणी गेले असे समजायचे. तळलेला पदार्थ बरेचसे तेल कढईतून बाहेर आल्यावर, निवताना शोषून घेतो, कारण आतली वाफ थंड होऊन दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून झाऱ्यावर नीट निथळून घेण्याला इतके महत्त्व. एका घाण्यात मोजक्याच चकल्या बसतात. जास्त घातल्या तर तेलाचे तापमान एकदम खाली येते. कढईसमोरचे उभे राहणे कमी होत नाही ते यामुळे.

किलोचा हिशेब

आता आकडे. भाव गावागावात आणि महिन्यागणिक बदलतात, तेव्हा पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. आपापले भाव घालून प्रत्येकीने ते पुन्हा मांडावेत. समजा ३ किलो भाजणी घेतली आणि तिच्या ४ किलो चकल्या झाल्या. धान्य व डाळी ३०० रुपये. तिखट, तीळ, ओवा, हिंग, मीठ १०० रुपये. मोहनाचे, चकलीने शोषलेले आणि शेवटी टाकून द्यावे लागणारे तेल मिळून २५० रुपये. दळणावळ ४० रुपये. गॅस ८० रुपये. अर्ध्या किलोच्या आठ पिशव्या, लेबले आणि खोकी ११० रुपये. बेरीज झाली ८८० रुपये, म्हणजे किलोला २२० रुपये. बहुतेक जणींचा हिशेब इथे संपतो. त्यात काहीतरी मिळवून ३५० रुपये किलो असा भाव सांगितला जातो, आणि किलोमागे १३० रुपये सुटले असे वाटते.

आता वेळ मांडू. खरेदी, निवडणे, धुणे, वाळवणे आणि भाजणे मिळून २ तास. गिरणीत १ तास. भिजवणे, पाडणे आणि तळणे ४ तास. निववणे, वजन करणे, पिशव्या सील करणे आणि भांडी-ओटा साफ करणे दीड तास. ऑर्डरचे फोन, हिशेब आणि पोहोचवणे दीड तास. एकूण १० तास. शिवाय कढई, सोऱ्या, मिक्सर, वजनकाटा यांची झीज, तुटकी चकली, वीज, फोन, नोंदणीचे शुल्क असे किरकोळ खर्च किलोमागे ४० रुपये धरले तर ४ किलोचे १६० रुपये होतात.

३५० रुपये भावाने ४ किलोचे आले १४०० रुपये. त्यातून ८८० आणि १६० गेले की उरतात ३६० रुपये. ते १० तासांत विभागले तर तासाला ३६ रुपये, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला २८८ रुपये. महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना देशाला दिली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. त्याच धर्तीवर पुढे देशभर आलेल्या ग्रामीण रोजगार हमीत महाराष्ट्रासाठी २०२५-२६ चा मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. अंगात कसब असलेली, स्वतःचे भांडवल आणि स्वतःची जागा घालणारी बाई अकुशल कामाच्या मजुरीपेक्षाही कमी कमावते आहे, हे त्या ३५० रुपयांच्या भावात दडलेले असते.

उलट दिशेने मांडून पाहू. आपल्या तासाला ८० रुपये धरले तर १० तासांचे ८०० रुपये, किलोला २०० रुपये. साहित्याचे २२०, मजुरीचे २००, किरकोळ ४० मिळून ४६० रुपये हा झाला उत्पादन खर्च. यात अजून नफा नाही. मजुरी ही काम करणाऱ्या हातांची आणि नफा हा व्यवसायाचा, या दोन रकमा वेगळ्या धरायला हव्यात. पुढच्या वर्षी मोठी कढई घ्यायची, तेलाचा भाव अचानक वाढला तर तो सोसायचा, एखादी ऑर्डर रद्द झाली तर नुकसान भरायचे, हे सगळे नफ्यातून होते. १५ टक्के नफा धरला तर भाव सुमारे ५३० रुपये होतो. हा भाव कोणाला जास्त वाटेल, पण त्यात चैनीचा एकही रुपया नाही.

मजुरी वेगळी धरण्याची जुनी शिकवण

हा विचार नवा नाही. आपल्याच मुंबईत तो फार मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेला आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लिज्जतची कामाची पद्धत घरगुती व्यवसाय करणारीने समजून घ्यावी अशी आहे. पीठ संस्थेच्या शाखेत मळले जाते, सभासद बहिणी ते घरी नेऊन पापड लाटतात आणि दुसऱ्या दिवशी आणून देतात. पापड तपासून, वजन करून लाटण्याची मजुरी वजनावर दिली जाते. वर्षाअखेरीच्या नफ्याचा वाटा त्याहून निराळा. काम घरातच होत असूनही त्या कामाला पहिल्यापासून दर होता. संस्था इतकी वर्षे टिकली त्यात चवीइतकाच या शिस्तीचा वाटा आहे.

दुसरे उदाहरण गिरणगावातले. कापडगिरण्यांतल्या, घरापासून दूर एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून व्यवसाय करत होत्या. कामगार महिन्याने पैसे देत, वाण्याकडचा किराणा मात्र रोज लागे. मधला महिना उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर चाले. दिवसभर चुलीपुढे राबून मिळालेले पैसे व्याजात जात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या बायकांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कमी व्याजाची कर्जे त्यांना मिळवून दिली. भांडवलावरचे व्याज हाही पदार्थाच्या किमतीतला खर्च असतो, आणि तो उतरला की बाईच्या हातात पैसा उरतो, हे तिथे दिसले. आजही दिवाळीच्या ऑर्डरसाठी वाण्याकडे उधारी करणाऱ्या बायका आहेत. त्यांनी ऑर्डरबरोबर निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. तेवढ्याने साहित्याचा खर्च निघतो आणि ऑर्डर ऐनवेळी रद्द होण्याची भीतीही कमी होते.

घरकाम आणि घरून केलेले काम

वेळ वहीत का उतरत नाही, याचे मोठे कारण घराच्या आतच आहे. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तिच्यात आढळले. म्हणजे बाईचे रोजचे जवळपास पाच तास आधीच मोबदल्याविना जातात. त्याच स्वयंपाकघरात, त्याच शेगडीवर जेव्हा विक्रीचे काम सुरू होते, तेव्हा ते पैशाचे काम आहे हे घरच्यांना आणि कधीकधी तिला स्वतःलाही जाणवत नाही. चकलीचे पीठ भिजवून झाले की मधेच भाजी टाकली जाते, घाणा तळताना शाळेतून आलेल्या मुलाला वाढले जाते. कामाचे तास तुकड्यांत विखुरतात आणि तुकडे कोणी मोजत नाही.

यावर साधा उपाय आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावावा आणि काम सुरू केल्याची व थांबवल्याची वेळ त्यावर लिहावी. एका महिन्यात कोणत्या पदार्थाला किलोमागे किती वेळ लागतो हे स्पष्ट दिसते. बँकेत व्यवसायाचे खाते वेगळे उघडावे, ग्राहकांना त्याच खात्याचा क्यूआर कोड द्यावा आणि महिन्याअखेर त्यातून आपली मजुरी ठरवून आपल्या खात्यात घ्यावी. किराण्याच्या पैशात विक्रीचे पैसे मिसळले की नफा झाला की तोटा, हे कधीच कळत नाही.

भाव न वाढवता वेळ कसा वाचतो?

प्रत्येक वेळी भाव वाढवणे हाच मार्ग नसतो. काही कामांना लागणारा वेळ मालाच्या प्रमाणात वाढत नाही. गिरणीत ३ किलो न्या की ६ किलो, फेरी एकच. तेल तापवणे, ओटा साफ करणे, खरेदीला जाणे यांचेही तसेच. दुप्पट माल केला तर १० तासांचे २० होत नाहीत. समजा १६ झाले, तर किलोमागची मजुरी २०० वरून १६० रुपयांवर येते. म्हणून आठवड्यातला एक दिवस एका पदार्थाला द्यावा. अर्धा-पाव किलोच्या सुट्या ऑर्डरी एकत्र करून एकाच दिवशी पुरवाव्यात.

पदार्थ निवडतानाही हाच विचार हवा. पुरणपोळीला भाव चांगला मिळतो, पण ती दोन-तीन दिवसांत खपावी लागते. चकली काही आठवडे टिकते, पण तळणाचा वेळ खाते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांना तळण नाही, ते बरेच दिवस टिकतात आणि बाराही महिने खपतात. माझ्या मते घरगुती व्यवसायाचा पाया अशा कोरड्या पदार्थांवर घालावा आणि दिवाळीच्या तळणीकडे हंगामी जोड म्हणून पाहावे. केवळ तीन आठवड्यांच्या कमाईवर वर्ष निघत नाही.

टिकण्याचे शास्त्रही माहीत असावे. तळलेला पदार्थ खराब होतो तो मुख्यतः दोन कारणांनी. हवेतला ओलावा शिरून तो मऊ पडतो आणि प्राणवायूच्या संपर्काने त्यातले तेल खवट होते. उजेड आणि उष्णता हे खवटणे वाढवतात. म्हणून चकली पूर्ण निवल्यावरच भरावी, जाड पिशवीत हवा कमीत कमी ठेवावी आणि डबा शेगडीपासून दूर ठेवावा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक संयुगे वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरू नये, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून लागू केला. घरी हे मोजण्याचे साधन नसते. तेल काळपट झाले, दाट झाले, फेसाळू लागले किंवा लवकर धुरावू लागले तर ते काढून टाकावे. वर धरलेल्या २५० रुपयांत टाकून द्यायच्या तेलाची किंमत आहे ती याचसाठी.

कायद्याची बाजू

घरून विकला जाणारा खाद्यपदार्थही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली येतो, हे अनेकींना उशिरा समजते. लहान व्यवसायाला परवाना लागत नाही, नोंदणी लागते. २०११ च्या नियमावलीत नोंदणीसाठी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठरवले गेले. अशा मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्ज करताना प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहून घ्यावेत. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. त्याबरोबर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावे ते, करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण. चिवड्यात शेंगदाणे असतील तर ते ठळक लिहावे, कारण काहींना त्यांची गंभीर ॲलर्जी असते.

गॅसबद्दलही सांगायला हवे. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो. तो महाग पडतो, म्हणून किमतीत गॅस धरताना त्याच दराने धरावा. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती करून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. बँकेच्या कर्जासाठी ती उपयोगी पडते. मालाच्या विक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, मात्र परराज्यात माल विकायचा असेल तर आधी सल्ला घ्यावा. बचत गटांतल्या बायकांना १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचीही मदत मिळू शकते. हे सगळे करायला वेळ आणि थोडे पैसे लागतात. त्यांची जागाही किमतीतच आहे.

ही किंमत सांगताना अनेकींना संकोच वाटतो, विशेषतः नात्यातल्या आणि शेजारच्या ग्राहकांना. कोणाला भेट द्यायची असेल तर मनापासून द्यावी आणि वहीत भेट म्हणूनच लिहावी. विक्रीचा भाव मात्र सगळ्यांना एक असावा. भाव सांगताना कारणे द्यावी लागली तर द्यावीत. भाजणी कशी केली, तेल कोणते वापरले, कधी तळले हे ऐकल्यावर बरेच ग्राहक घासाघीस सोडतात, असा माझा अनुभव आहे. जे सोडत नाहीत त्यांच्यासाठी तोट्यात तळत बसण्याची गरज नाही.

घरून व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकीला माझे सांगणे आहे की पुढची ऑर्डर घेण्याआधी आपल्या तासाचा दर ठरवा आणि तो वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. आणि विकत घेणाऱ्यांना विनंती आहे की ऑर्डर वेळेवर नोंदवा, निम्मे पैसे आगाऊ द्या आणि सांगितलेला भाव द्या. त्या भावातला मोठा हिस्सा एका कसबी बाईची मजुरी आहे, आणि ती तिने पूर्ण कमावलेली आहे.